खांदा माझा, सल्ले काकांचे

काल फिजिओकडे एका काकांनी मला भर लोकांत "नाजूक" म्हटलं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचं, फाटलं म्हणून ऑपरेशन झालंय, हात स्लिंगमध्ये, एवढं पुरे.

काका सदाशिव पेठेतले, गुडघा बदललेला. मी डाव्या हाताने टेबल धरून, कमरेत वाकून, उजवा हात लोंबता सोडून पेंडुलम करत होतो.

"अहो, काही सांडलंय का?"

"नाही, व्यायाम चाललाय."

"हा? हात तर मेल्यासारखा लोंबतोय."

"तसाच सोडायचा असतो काका. नुसतं अंग डोलवायचं. शिवलेला स्नायू हाडाला धरेपर्यंत हात आपणहून उचलायचा नाही."

"कोण म्हणालं?"

"सर्जन."

"त्यांचा स्वतःचा खांदा झालाय का?"

आता याला काय बोलणार.

"आमच्या साडूने तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून पंखा पुसला."

"त्यांचंही खांद्याचंच?"

"छे, हर्निया. पण जिद्द बघा! तुम्ही आजकालची मुलं फार नाजूक हो." मी पन्नाशीचा आहे. बाकावरच्या दोन बायका हसल्या.

बरं, या पेंडुलमला कॉडमनचा व्यायाम म्हणतात, बॉस्टनच्या या सर्जनने १९३४ साली खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तरी हात कधी हलवायचा यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं दुसऱ्याच्या आधाराने लवकर हलवा नाहीतर सांधा आखडेल, कोणी म्हणतं फाटलेलं मोठं असेल तर सहा आठवडे स्लिंग काढू नका, टाके सुटतील, आणि ते रबरी पट्टे ओढून ताकद वाढवायचं काम साधारण तीन महिन्यांनीच. माझे सर्जन दुसऱ्या गटातले, फिजिओ मॅडम पहिल्या, आणि दोघं एकमेकांशी फोनवर बोलतील तर शपथ, निरोप्या मीच. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये फिजिओ नाही हेही डिस्चार्जच्या दिवशी कळलं. रिक्षावाल्याला खड्ड्यातून हळू घ्या म्हटलं तर तो म्हणाला, मग चालत जायचं. शर्ट बायको घालून देते, तेही दोन हाका मारल्यावर.

तर माझा नंबर आला, तेवढ्यात काका उठले. "मॅडमना फक्त दोन मिनिटं विचारायचंय." आत गेले ते गेलेच. दाराच्या फटीतून साडूचा पंखा ऐकू येत होता. मी काउंटरवर तक्रार केली तर मुलगी म्हणाली, "सीनियर सिटिझन आहेत ना ते, समजून घ्या."

शेवटी मॅडमनी दोनदा हात उचलला, बर्फाची पिशवी ठेवली आणि घड्याळ बघितलं. फी मात्र पूर्ण. जीपे चालत नाही, कॅशच. वरचे पन्नास सुट्टे नाहीत म्हणून पुढच्या वेळी.