डोळ्याच्या बाहुल्या बारीक म्हणजे ओव्हरडोसच असं नाही
लेखात म्हटलंय की पेशंट बेशुद्ध आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या अफूवर्गातल्या औषधाचा ओव्हरडोस. एवढ्यावर थांबू नका हो. मी खानापूरकडं कॅज्युअल्टीत नर्स आहे, आमच्याकडं अशा बाहुल्या दिसल्या की आधी फवारणीचं औषध आठवतं, ऑर्गेनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत पण त्या तशाच होतात. फरक अंगाला हात लावल्यावर कळतो, विषबाधेत माणूस घामानं चिंब, तोंडातनं लाळ-फेस, छातीत घरघर, दंडाचे स्नायू फडफडतात, कपड्याला लसणासारखा उग्र वास, आणि मॉर्फिनसारख्याच्या ओव्हरडोसला अंग बहुतेक कोरडं पण श्वास मिनिटाला 5-6 वर आलेला. ओव्हरडोसला उतारा म्हणून नॅलोक्सोन, या विषबाधेला अ‍ॅट्रोपिन, तेही बाहुल्या बघून नाही तर छातीतली घरघर जाऊन ती कोरडी होईपर्यंत.

गेल्या पावसाळ्यात उसाच्या फडातनं एकाला आणलं, घरचे सांगायलेत दारू जास्त झाली म्हणून, पण शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. शेवटी भाऊ बांधावरची बाटली घेऊन आला तेव्हा औषधाचं नाव कळलं. वाचला तो, पण आठ दिवस व्हेंटिलेटरवर होता. म्हणून हात जोडून सांगते, बाटली नाहीतर तिचा फोटो बरोबर आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा (हातात ग्लोव्हज घालून), आणि ते मीठपाणी पाजून उलटी काढणं तेवढं बंद करा, बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात जातंय ते.