‘दुरुस्ती निघाली, घर सोडा’: फॉरवर्डमधले दावे आणि कायदा

भाड्याने राहणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मालकाने मोठी दुरुस्ती काढली की भाडेकरूला घर सोडावंच लागतं. एकदा सोडलं की परत यायचा हक्क नाही. काम चालू असेपर्यंत भाडं देऊ नका. दुरुस्तीनंतर मालक हवं तेवढं भाडं वाढवू शकतो. आणि अकरा महिन्यांचा करार असेल तर तोंड उघडायलाही जागा नाही.

यातला सर्वात घातक सल्ला भाडेकरूच्या बाजूचा वाटणारा आहे, म्हणजे भाडं थांबवण्याचा. त्याकडे येऊच. महाराष्ट्रात या सगळ्याला लागू होतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९.

‘घर सोडावंच लागतं.’ मालकाच्या सांगण्यावरून नाही. दुरुस्तीसाठी ताबा हवा असेल तर मालकाने कलम १६ खाली न्यायालयात जायचं असतं आणि दोन गोष्टी दाखवायच्या असतात: दुरुस्तीची गरज खरी आहे, आणि घर रिकामं केल्याशिवाय ती होऊच शकत नाही. बहुतेक मालक दुसऱ्या मुद्द्यावर अडकतात. वायरिंग, प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ही कामं एकेक खोली रिकामी करून होतात. स्लॅब किंवा बीम बदलायचा असेल, खोलीभर टेकू लावायचे असतील, तर मात्र आत राहणं खरंच शक्य नसतं.

म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. मुंबईत महापालिका इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. ‘धोकादायक’ हा शब्द चारही प्रकारांना सरसकट चिकटवला जातो, आणि सी-२बीमधली माणसं सी-१ समजून घरं सोडतात.

‘सोडलं की परत येता येत नाही.’ कलम १८ नेमकं याचसाठी आहे. दुरुस्तीसाठी ताब्याचा हुकूम देताना न्यायालयाने भाडेकरूला विचारायचं असतं की तुम्हाला परत यायचं आहे का. उत्तर ‘हो’ असेल तर ते हुकूमनाम्यात नोंदवलं जातं आणि ताबा देण्याची तारीख ठरते. काम संपायच्या दोन महिने आधी मालकाने नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत भाडेकरूने होकार कळवायचा आणि एक महिन्याचं भाडं मालकाकडे जमा करायचं. मग पूर्वीच्याच अटींवर प्रवेश. ठरल्या तारखेपासून महिन्याभरात काम सुरूच झालं नाही, रखडलं, किंवा पूर्ण होऊनही घर मिळालं नाही, तर त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत न्यायालयात अर्ज करता येतो.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, ते १५ दिवस. ते हुकले, भाडं जमा केलं नाही, तर परतीचा हक्क तिथेच संपतो. तेव्हा तात्पुरत्या घराचा पत्ता मालकाला लेखी कळवा आणि पोच ठेवा, नाहीतर नोटीस जुन्या, कुलूप लावलेल्या दारावर जाईल. दुसरं त्याहून महागात पडणारं: तोंडी आश्वासनावर घर सोडणं. न्यायालयाचा हुकूम नाही, परत येण्याची निवड नोंदवलेली नाही, म्हणजे कलम १८ वापरायला हातात काहीच नाही. सामंजस्याने जायचंच असेल तर नोंदणीकृत करार करा. त्यात चटईक्षेत्र, काम सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा, मधल्या काळातलं भाडं, पर्यायी जागा किंवा तिचा खर्च आणि भाडेहक्क कायम असल्याचं वाक्य हवं. ‘हक्क सोडून ताबा दिला’ अशा मजकुरावर सही नको.

इमारत पाडली गेली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात स्पष्ट केलं. तिथे महापालिकेनेच बांधकाम पाडलं होतं.

‘भाडं थांबवा.’ थांबवू नका. भाडं थकलं की मालकाला घर काढून घेण्याचं वेगळं, सोपं कारण मिळतं. त्याने मागणीची नोटीस दिली की ९० दिवसांनी दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरली तर वाचता येतं, पण मुळात तिथपर्यंत जायचं कशाला?

मालक दुरुस्ती करतच नसेल तर रस्ता कलम १४ मध्ये आहे. करारात उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तीत दोषांची यादी, तारखेसह फोटो आणि शक्य तर ठेकेदाराचं अंदाजपत्रक जोडा. ती पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. मर्यादा: वर्षाच्या भाड्याचा एक चतुर्थांश. महिना ८,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ९६,०००, म्हणजे २४,००० पर्यंत. जुन्या पागडीच्या घरात ३०० रुपये भाडं असेल तर हाती पडतात वर्षाला ९००. त्यात गळती थांबत नाही. अशा चाळींत सगळ्यांनी मिळून नोटीस देणं आणि खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटून घेणं हाच व्यवहार्य मार्ग. प्रत्येक पावती जपा. भाडेकरूंनी ठेवलेला पावत्यांसह हिशेब कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

‘हवं तेवढं भाडं वाढेल.’ नेहमीची वाढ वर्षाला ४ टक्के. सुधारणा किंवा रचनेतल्या बदलासाठी वेगळी वाढ हवी तर ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते, आणि ती वाढही त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपुरती.

‘अकरा महिन्यांवाल्यांना हक्कच नाहीत.’ हे निम्मं खरं आहे. असे करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देणारे असतात. त्यावर राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो, त्यामुळे कलम १४ आणि १८ त्याच्यासाठी नाहीत. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ खाली दुप्पट शुल्क बसू शकतं. पण मुदतीच्या मध्येच, तुमची चूक नसताना बाहेर काढलं तर १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. बाकी सगळं करारावर. सही करण्याआधी ही कलमं घालून घ्या: रचनात्मक दुरुस्ती मालकाची, घर राहण्याजोगं नसेल तितक्या दिवसांचं शुल्क माफ, अशा वेळी लॉक-इन (मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू नाही, डिपॉझिट किती दिवसांत परत. करार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट. दुरुस्तीच्या नावाखाली पाणी, वीज किंवा लिफ्ट तोडून भाडेकरूला कंटाळवणं, हा प्रकार फार चालतो. कलम २९ म्हणतं, योग्य कारणाशिवाय अशी सेवा तोडता येत नाही. तो गुन्हा आहे. टाकी साफ करायला दोन दिवस पाणी बंद, हे योग्य कारण. काम थांबलेलं असताना पंप तीन आठवडे बंद, हे नाही. अर्ज मुंबईत लघुवाद न्यायालयात करायचा. इतरत्र लघुवाद न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे. सेवा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश त्याच अर्जात मागून घ्यावा.