स्पेक्ट्रम आणि प्लास्टिकची फुलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला, कॅसेटवरून गेम लोड करणारा घरगुती कॉम्प्युटर. त्याच्या एम्युलेटरवरच्या, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "हा प्लास्टिकच्या फुलांचा प्रकार आहे. शिवाय गेम फुकट उतरवणं ही सरळ चोरी. माझा डीबी स्पेक्ट्रम+ माळ्यावर आहे, तोच खरा." (डीबी स्पेक्ट्रम+ म्हणजे याच मशीनची भारतात विकली गेलेली आवृत्ती.)

आधी चूक कबूल करतो. लेखात मी 'हुबेहूब' म्हटलं, तो शब्द मागे घेतो. आजच्या स्क्रीनवर बटण दाबणं आणि चित्र हलणं यांत किंचित उशीर होतो. उड्या मारायच्या गेममध्ये तो हाताला कळतो.

चोरीचं म्हणणं अर्धं मान्य. मशीनच्या १६ केबी रॉमची, म्हणजे त्यात कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची, काळजी नको. १९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅडने घेतला आणि पुढे हक्क स्वतःकडे ठेवून एम्युलेटरसोबत रॉम वाटायला मुभा दिली. गेमचे हक्क मात्र ज्याचे त्याचे. 'आता कोण विचारतंय' हे मलाही पटत नाही.

पण प्लास्टिकची फुलं? नाही हो. एम्युलेटर कॅसेटवरचे तेच बाइट घेतो आणि झेड८० प्रोसेसरची एकेक आज्ञा त्याच्या घड्याळाचे ठोके मोजून पाळतो. ३.५ मेगाहर्ट्झच्या त्या प्रोसेसरला रॅमच्या पहिल्या १६ केबीत हात घालताना कधीकधी ताटकळावं लागे, कारण चित्र काढणारी यूएलए चिप तिथूनच वाचत असे. चांगल्या एम्युलेटरला हे ताटकळणंही हिशोबात धरावं लागतं. ४८ केबीच्या मशीनवर एका फ्रेमचे, म्हणजे स्क्रीन एकदा रंगवायचे, ६९,८८८ ठोके. तिथे गफलत झाली की काही गेममधले बॉर्डरचे, म्हणजे चित्राभोवतीच्या कडेचे, रंगीत पट्टे जागा सोडतात. आणि ८ बाय ८ च्या चौकोनात दोनच रंग, म्हणून हिरो झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याला लागायचा, आठवतंय? तोही जसाच्या तसा लागतो.

लोड होताना चित्र झडपेच्या पट्ट्यांसारखं का उतरतं, हे लहानपणी मला कधी उमगलं नव्हतं. परवा एम्युलेटर मध्येच थांबवून मेमरी चाळली. स्क्रीनचे तीन भाग. प्रत्येक भागात अक्षरांच्या आठ ओळी; आधी आठही ओळींची पहिली रेघ, मग आठही ओळींची दुसरी. चित्राचे ६,१४४ बाइट संपले की मग रंगांचे ७६८, म्हणून रंग शेवटी सरसर भरतात. खऱ्या मशीनपुढे कॅसेट फिरत असताना मी नुसता बघत बसायचो.

तुमचं मशीन खरंच आहे, त्यावर वाद नाही. कॅसेटचं काय? माझ्या सातपैकी दोनच लोड झाल्या, बाकीच्यांवर बुरशी. तेव्हा तुमच्या आधी रेकॉर्ड करा: टेपचं हेड स्पिरिटने पुसून, वेव्ह फाइलमध्ये, एमपी३ नको. आणि ॲडाप्टर नवा घेणार असाल तर ९ व्होल्टचा, प्लगचा मधला भाग ऋण असलेला बघून घ्या. बाजारातले बरेचसे उलटे असतात.