सॉफ्टवेअर आहे, मग बीमची गणितं कशाला?

"कंपनीत सगळं ॲन्सिसवर चालतं आणि आपली मेकॅनिकलची मुलं अजून हाताने बीम सोडवतात. गणितं बंद करा, पहिल्या वर्षापासून सॉफ्टवेअर शिकवा." हा मजकूर ग्रुपांवर सारखा फिरतो. बीम म्हणजे भार पेलणारी तुळई, आणि ॲन्सिस म्हणजे एखादा भाग भाराखाली किती वाकेल, कुठे तुटेल हे कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर. मी लॅबमध्ये अशीच सॉफ्टवेअरं शिकवतो, म्हणूनच तो मजकूर मला पटत नाही.

"सॉफ्टवेअर चुकत नाही." आपण दिलेलं मॉडेल ते सोडवतं, बस. नॉर्वेच्या स्लायप्नर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणी चालू असताना बुडाला. सॉफ्टवेअर मॉडेलचे छोटे तुकडे पाडून हिशेब करतं, त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. डिझाइन करताना भिंती जिथे मिळतात तिथली मेश ढोबळ होती, त्यामुळे हिशेबात शिअर स्ट्रेस (कापू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी आला आणि भिंती कमकुवत राहिल्या. नंतर नीट हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती.

"हाताने सोडवण्यात वेळ जातो." एक मीटरचा स्टीलचा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का धरलेला बीम, छेद ५० बाय ५० मिलिमीटर, मोकळ्या टोकाला १००० न्यूटनचा भार. डिफ्लेक्शन, म्हणजे टोक किती वाकतं ते, ३.२ मिलिमीटर, वहीत दोन मिनिटं लागतात. आता अबॅकस या ॲन्सिससारख्याच सॉफ्टवेअरमध्ये लांबी मिलिमीटरमध्ये देऊन यंग्ज मॉड्युलस (धातू किती ताठ आहे तो आकडा) २,००,००० ऐवजी २०० टाका. अबॅकसला एककं कळत नाहीत. उत्तर ३.२ मीटर येतं, म्हणजे बीमच्या लांबीच्या तिप्पट! पण स्क्रीनवरचं चित्र आपोआप लहानमोठं होऊन बसतं, रंगही तितकेच देखणे. वहीतला आकडा नसेल तर विद्यार्थी तेच रिपोर्टला चिकटवतो. असे रिपोर्ट मी तपासलेत.

"नोकरीला सॉफ्टवेअरच लागतं." लागतं, मान्य. पण बटणं आवृत्तीगणिक बदलतात. बाउंड्री कंडिशन कुठे लावायची, म्हणजे भाग कुठे आणि कसा धरलाय हे कसं सांगायचं, हा प्रश्न तोच राहतो.

"सॉफ्टवेअरने समज वाढते." हे मात्र खरं, फक्त वापर तसा हवा. मोठ्या प्लेटला छोटं गोल भोक पाडून ओढलं, तर भोकाच्या कडेला तिप्पट स्ट्रेस येतो, हे कर्श या जर्मन इंजिनिअरने १८९८ मध्येच गणिताने दाखवलं. मुलांना मेश बारीक करत जायला सांगा. आकडा तीनजवळ स्थिरावताना त्यांना दिसतो. मग आतला धारदार कोपरा द्या. तिथे मेश जितकी बारीक, तितका स्ट्रेस वाढतच जातो. "सर, खरा आकडा कोणता?" हा प्रश्न तेव्हा येतो, आणि त्यासाठी मी अख्खं प्रॅक्टिकल द्यायला तयार असतो. महागडं लायसन्सही लागत नाही. फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स ही अशीच सॉफ्टवेअरं फुकट आहेत.

माझ्या लॅबमध्ये 'सॉल्व्ह' दाबण्याआधी अंदाजाचा आकडा जर्नलमध्ये लिहावा लागतो, पेनाने.