जुन्या गाडीचा रंग टूथपेस्टने परत येतो म्हणे!

सध्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. लाल मारुती 800, बॉनेट उन्हाने पार फिकट गुलाबी पडलेलं, आणि एक दादा सांगतायत की डिटेलिंगवाले (गाडी धुऊन-पॉलिश करून चमकवणारे) उगाच लुटतात, टूथपेस्ट आणि रॉकेल एकत्र करून चोळा, रंग परत येतो. जिथे सालपटं निघालीयत तिथे 2000 नंबरचा पाणीपेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) मारा. वरून सिरॅमिक कोट (रंगावर लावायचा संरक्षक थर) मारला की विषय संपला, आणि नाहीच जमलं तर सरळ फुल बॉडी पेंट. कुठलीही गाडी असो, कुठलाही रंग असो. (रॉकेल आता मिळतं कुठे ते मात्र दादा सांगत नाहीत.)

आधी ते "कुठलीही गाडी" घेऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. पद्मिनी, अँबेसेडर, सुरुवातीच्या 800 अशा जुन्या प्लेन रंगाच्या गाड्यांना बहुतेक वेळा सिंगल स्टेज रंग असतो, म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात. मेटॅलिकला आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांना खाली रंगाचा थर, म्हणजे बेस, आणि वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर. ओळखायचं कसं, तर दाराच्या खालच्या कडेला बोटभर जागेत थोडं पॉलिश घेऊन मऊ कापडाने घासा, कापडावर गाडीचा रंग उतरला तर सिंगल स्टेज, नाही उतरला तर क्लिअर. गाडी पांढरी असेल तर काळं कापड घ्या नाहीतर काही कळणार नाही. आणि ही टेस्ट प्रत्येक पॅनेलवर वेगळी करा, कारण इतक्या वर्षांत एखादं मडगार्ड कुठल्यातरी गॅरेजमध्ये रंगवलेलं असतंच. तिथे फ्रिजवरचं मॅग्नेट कापडात गुंडाळून लावून बघा, नीट चिकटत नसेल तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय, तिथे जपून. क्लिअरवाल्या गाडीचा टप घासताना मध्येच कापड रंगायला लागलं तर हात थांबवा, तिथलं क्लिअर संपलंय.

आता "रंग परत येतो". उन्हाने रंगातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा भाग, मोडतो, वरचं पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, मोकळं होतं, म्हणून तर बॉनेटवर बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी येते. पृष्ठभाग खडबडीत झाला की उजेड सगळीकडे विखुरतो आणि रंग पांढरट दिसतो. रॉकेल, खोबरेल, डिझेल, काहीही लावा, ते त्या बारीक खड्ड्यांत भरतं आणि रंग गडद दिसतो, बस इतकंच. पटत नसेल तर बॉनेटवर नुसतं साधं पाणी मारा, ओलं असेपर्यंत तेही लालभडक दिसतं! व्हिडिओ नेमका तेव्हाच संपतो, वाळल्यावर काय झालं ते कोण दाखवतंय. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पावडर असते, त्यामुळे थोडा मेलेला थर निघतो हे खरं, पण ती दातांसाठी बनवलीय, रंगावर नीट फिनिश देत नाही आणि रबरी बीडिंगच्या फटीत पांढरी होऊन बसते ती वेगळीच.

तेलाबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, कोरड्या पडलेल्या सिंगल स्टेजला पॉलिशच्या आधी ग्लेझ (रंगावर चोळायचं तेलकट क्रीम) चोळून रात्रभर ठेवलं तर फायदा होतो, हे जुन्या गाड्यांवर काम करणारे खूप जण करतात. पण त्यानंतर गाडी धुऊन, चिकटलेला कचरा क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) काढून, कडा आणि बॉडी लाइनवर मास्किंग टेप लावून (तिथे रंग सगळ्यात पातळ असतो), फोम पॅडने हळूहळू पॉलिश करावंच लागतं. पॅड लाल होत राहतं, ते सारखं साफ करायचं. आधी वीतभर चौकोन करून बघा, दोन-तीन हातांत लाल उघडला तर पुढे जा, रंगाखालचा प्रायमर दिसायला लागला तर तिथेच सोडा. शेवटी वॅक्स, आणि ते अधूनमधून परत लावायचं, नाहीतर ऊन आहेच.

सालपटांवर पाणीपेपर हा सल्ला तर डोक्यात जातो. पॉलिश असो नाहीतर पेपर, दोन्ही थर काढतात, घालत काहीच नाहीत. क्लिअर मुळात 35 ते 50 मायक्रॉनचं, केसापेक्षा पातळ, आणि जिथे सालपट निघालंय तिथे ते शून्य आहे. तिथे पेपर मारून उघडा बेस घासला जातो आणि पांढरा डाग मोठा होतो. क्लिअर सुटलं म्हणजे ते पॅनेल घासून परत बेस आणि क्लिअर मारणं, दुसरा उपाय नाही, कोणी कितीही महागडी बाटली विकू दे.

सिरॅमिकचं थोडक्यात सांगतो. तो पारदर्शक असतो, खाली फिकट रंग असेल तर फिकटच दिसणार. आणि त्याच्या कडकपणाला 9एच म्हणतात ना, ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याच्या नाही.

राहिलं फुल बॉडी पेंट. कंपनीत नुसत्या बॉडीवर, वायरिंग-सीटा बसायच्या आधी, रंग साधारण 140 डिग्रीला भाजतात. गॅरेजच्या बूथमध्ये (रंग मारायच्या बंद खोलीत) अख्ख्या गाडीला 60 च्या आसपास, आणि बूथच नसेल तर झाडाखालीच वाळतो. त्यामुळे कंपनीचा रंग जास्त टिकाऊ असतो, तो जिथे शाबूत आहे तिथे वाचवा, टप आणि बॉनेट गेलं असेल तर तेवढंच रंगवून घ्या. शेड जुळवायला डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू पेंटरला दाखवा, तिथे ऊन लागलेलं नसतं. पण बाकीची गाडी थोडी उतरलेली असणार, म्हणून ती आधी पॉलिश करा आणि मगच शेड जुळवा, उलट केलंत तर दोन लाल दिसतील. आणि हौसेने रंगच बदलायचा असेल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आधी आरटीओचं काम करा, मग पेंटरकडे जा.