खुलासा : २६४ गावांचा तो अहवाल ‘ताजा’ नाही

निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक इंग्रजी मेसेज जोरात फिरतोय. ‘अ‍ॅकॉर्डिंग टू अ रिसेंट रिपोर्ट’ अशी सुरुवात आणि पुढे कर्नाटकातली २६४ गावं महाराष्ट्रात जाणार, असा मजकूर. काही जणांनी तर अभिनंदनही सुरू केलंय.

हा अहवाल नवा नाही. दोन राज्यांच्या सीमावादासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाचा आहे, १९६७ सालचा. मेसेजसोबतच्या कात्रणात तारखेची ओळ कापलेली आहे, पण फोटो मोठा करून पाहा : राज्याचं नाव ‘मैसूर’ छापलंय. ते नाव १ नोव्हेंबर १९७३ ला बदलून कर्नाटक झालं. म्हणजे कागद त्याआधीचाच. शिवाय अर्धीच गोष्ट सांगितली आहे. त्याच आयोगाने २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर तिकडेच ठेवावं, असंही म्हटलं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल म्हणूनच फेटाळला. याच सीमावादावर महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेला दावा वेगळा, त्याचा हा निकाल नव्हे.

‘नुकताच’, ‘ताज्या अहवालानुसार’ असं लिहिणाऱ्याकडे अहवाल कुणाचा आणि कोणत्या साली आला, एवढं तरी मागा. इथे कितीतरी घरांनी १९५६ पासून, म्हणजे राज्य पुनर्रचनेत हा भाग तिकडे गेला तेव्हापासून, वाट पाहिली आहे. त्या म्हाताऱ्या माणसांना खोटी आशा लावणं मला फार लागतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.