वेलँडबुवांचं दप्तर

बँकेत ३२ वर्षं मी लोकांच्या सह्या पडताळल्या. मार्केट यार्डातले आडते मांडीवर चेकबुक ठेवून, एका हातात चहाचा ग्लास धरून सही ठोकायचे. ती लांबून बघून मी "ही शेटजींची नाही, दिवाणजींची" असं सांगायचो आणि निघायचंही तसंच. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही, की तो पोराला माझ्याकडे पिटाळायचा. त्यामुळे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला लेकीकडे आल्यावर ती जेव्हा म्हणाली, "बाबा, इथल्या एका लायब्ररीत जुन्या लोकांचे हातचे कागद बघायला देतात, जाऊन या ना," तेव्हा अखेर कुणीतरी माझ्या हुनराची कदर केली, असं मला वाटलं. मला दिवसाचे चार-पाच तास घराबाहेर ठेवायचा तो कट होता, हे नंतर उमगलं. आदल्याच दिवशी मी डिशवॉशरमध्ये हाताने भांडी घासायचं लिक्विड ओतलं होतं. फेस हॉलपर्यंत आला होता.

कुणाचे कागद मागायचे, हा प्रश्न दुधाने सोडवला. लेकीच्या घरापासून दूध आणायला जातो तो वेलँड स्क्वेअर. हा वेलँड कोण, असं जावयांना विचारलं, तर त्यांनी फोनवर बघून सांगितलं: फ्रान्सिस वेलँड, जन्म १७९६, मृत्यू १८६५. बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक आणि १८२७ ते १८५५ अशी २८ वर्षं इथल्या ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष. आणि शेवटी सहज म्हणाले, "त्यांचे सगळे खासगी कागद जपून ठेवलेत."

या वाक्यावर मी हिच्याकडे पाहिलं. हिने पाहिलंच नाही.

याला इतिहास आहे. आमच्या नगरच्या घरी माळ्यावर माझ्या चार ट्रंका आहेत. त्यांत १९८३ पासूनची लाईट बिलं, लग्नात आलेल्या आहेराची यादी, किराणाच्या चिठ्ठ्या, मला आलेली आणि मी पाठवायची राहून गेलेली पत्रं, असं सगळं आहे. "कोण वाचणार आहे हे?" असं ही दर दिवाळीला विचारते आणि रद्दीवाल्याला खालून हाक मारते. दर दिवाळीला मी जिन्यात उभा राहतो. आता परदेशात, सातासमुद्रापार, एका मोठ्या माणसाच्या चिठ्ठ्याचपाट्या सरकारी इतमामात ठेवलेल्या आहेत म्हटल्यावर मला बघायलाच हवं होतं.

वाचनालयाच्या त्या खोलीत शिरणं म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये शिरणं. कोट बाहेर. पिशवी लॉकरमध्ये. पाण्याची बाटली, बडीशेपेची डबी, सगळं लॉकरमध्ये. मग काउंटरवरच्या बाईंनी हसून माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. पेन. शाईचं काहीही आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. नोकरीला लागल्यापासून माझा खिसा पेनाशिवाय राहिलेला नाही. पेन काढून दिल्यावर भर रस्त्यात बनियनवर उभं राहिल्यासारखं वाटलं. वर त्या बाईंनी मला एक छोटी, टोक केलेली पेन्सिल दिली. साठी उलटल्यावर पुन्हा पहिलीत बसलो.

खोका आला. खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर काढायचा, कागदांचा क्रम मोडायचा नाही. कागद स्पंजाच्या उतरत्या उशीवर ठेवायचा आणि तो उडू नये म्हणून त्यावर एक कापडी, आत छर्रे भरलेला लांबडा साप ठेवायचा. ही मजा मला फार आवडली. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये लेजरवर अर्धी वीट ठेवायचे.

मग मी कागदाकडे पाहिलं, आणि मेडिकलवाल्याने माझ्यावर टाकलेला सगळा विश्वास वाया गेला.

शाई मुळात काळी असणार, ती आता जुन्या चहासारखी तपकिरी झालेली. लोखंडाचा क्षार आणि मायफळ यांची ती शाई कागदालाही हळूहळू खाते, त्यामुळे मागच्या बाजूचं लिखाण पुढे उमटलेलं. अक्षर उजवीकडे असं झुकलेलं, जसं नगर-दौंड रस्त्यावर एस.टी.त उभं राहिलेलं माणूस. दोन तासांत मला चार शब्द लागले, त्यांतला एक 'बटर'. पुढे आणखी दोनदा 'बटर'. बुवांच्या घरी लोण्याची फार ओढाताण होती, असं मी पेन्सिलीने टिपून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कळलं की तो 'लेटर' आहे.

त्याच्याही पुढचा शब्द होता 'मिफशनरी'. हे काय असावं? मी डिक्शनरी मागितली. बाई आल्या, वाकून बघितलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की त्या काळी दोन 'एस' लागोपाठ आले की बरेच लोक पहिला एस लांबडा काढायचे, तो 'एफ'सारखा दिसतो. म्हणजे मिशनरी. मग मागे वळून पाहिलं तर माझ्या वहीत 'ब्लेफिंग', 'पफेज' आणि 'नेसेफरी' अशी मंडळी तीन पानं बिनदिक्कत फिरत होती.

पण कहर केला तो एका बाईंच्या पत्राने. कागद आडवा लिहून संपला, तर माणूस दुसरा कागद घेईल की नाही? नाही. बाईंनी कागद काटकोनात फिरवला आणि त्याच मजकुरावरून उभं लिहायला घेतलं. विणलेली चटईच! आधी मला वाटलं, बाई कंजूष. मग कळलं, पोस्ट कंजूष. १८४५ पर्यंत अमेरिकेत टपाल वजनावर नाही, तर कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर आकारायचे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट, दोन कागदांना दुप्पट. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरायचे, म्हणून पत्राचीच घडी घालून पाठीवर पत्ता. आणि बहुतेक वेळा पैसे भरायचे ज्याला पत्र आलं त्याने. म्हणजे सगळीच पत्रं नॉटपेड! माझ्या मोठ्या साडूंची पत्रं अशी आली असती तर मी घर बदललं असतं.

घरी पहिल्या आठवड्याची प्रगती सांगितली. "म्हणजे वाचता आलं नाही," ही म्हणाली. मी म्हटलं, तसं नाही, लिपीचा प्रश्न आहे. यावर तिने आजोबांच्या मोडी कागदाची आठवण काढली. ती काढायला नको होती. आमच्या देव्हाऱ्याखाली एक मोडी कागद पिढ्यान्‌पिढ्या होता. वतनाचा म्हणून दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. मी हौसेने एका मोडीच्या जाणकाराला दाखवला. त्याने एका दमात वाचला. तो एका म्हशीच्या सौद्याचा होता, आणि म्हैस आमची नव्हती.

तेव्हा मी हातचं सोडून छापील धरलं. पत्रं लागेनात, पण माणूस तरी लागावा. वेलँडबुवा हा हा म्हणता लागले. १८३५ साली त्यांनी नीतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं, १८३७ साली अर्थशास्त्राचं. हे अर्थशास्त्राचं पुस्तक जपानला पोचलं. १८६८ साली आजच्या तोक्योत उएनोची लढाई जुंपली, तोफांचे आवाज येत होते, आणि फुकुझावा युकिची नावाचे गृहस्थ वर्गात वेलँडचं अर्थशास्त्र शिकवत राहिले. त्यांच्या केइओ विद्यापीठात त्या तासाचा स्मृतिदिन अजून पाळतात. (माझ्या चाळीसेक वर्षांपूर्वीच्या अर्थशास्त्राच्या वर्गात तोफांची गरज नव्हती. पंखा बंद पडला तरी वर्ग सुटायचा.) १८४५ साली साउथ कॅरोलायनाच्या रिचर्ड फुलर या पाद्र्याशी बुवांनी गुलामगिरीवर पत्रातून वाद घातला. फुलर म्हणत, बायबलात गुलामगिरी पाप ठरवलेली नाही, आणि बुवा म्हणत, बायबलाच्या शिकवणुकीत ती बसूच शकत नाही. त्या पत्रांचं पुस्तक झालं. त्याच वर्षी दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे होऊन गेले. ही पत्रं मी छापील वाचली, आणि छपाईचा शोध लावणाऱ्याला मनोमन नमस्कार केला.

मग पावाचं प्रकरण सापडलं.

१८३१ साली एका बॅप्टिस्ट मासिकात एक निनावी पत्र छापून आलं. एका बापाने लिहिलेलं. त्याचा मुलगा पंधरा महिन्यांचा, भारी हट्टी. शुक्रवारी सकाळी बापाने त्याला उचललं तर रडायला लागला. बापाने त्याच्या हातातला पावाचा तुकडा काढून घेतला, आणि रडं थांबल्यावर परत देऊ केला. पोराने तो फेकून दिला. झालं. बापाने ठरवलं, आता हा माझ्याच हातून घेईल तेव्हाच खाईल. पोराला एकट्याला खोलीत ठेवलं. बाप मधून मधून जाऊन पाव पुढे करायचा, पोर तोंड फिरवायचं. रात्र गेली. शनिवारी सकाळी पोराने पाव घेतला, दूध प्यालं. तरी बापाचं समाधान नाही, कारण ते आपणहून गळ्यात पडेना. दुपारी पडलं, तेव्हा बापाने प्रकरण मिटलं असं जाहीर केलं, आणि इतर आईबापांच्या उपयोगासाठी लिहून पाठवलं.

हे पत्र वेलँडबुवांचं होतं, हे विल्यम मॅक्लॉक्लिन या ब्राउनमधल्याच इतिहासकाराने १९७५ साली दाखवून दिलं. सही नसलेला कागद ओळखला! मी त्यांना मनातल्या मनात आमच्या बँकेत घेतलं.

मला यात सगळ्यात गमतीचं वाटलं ते असं. बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा न मानणारे. माणूस कळता व्हावा, त्याने स्वतःच्या मनाने ठरवावं, मग पाण्यात बुडी घ्यावी. म्हणजे देवाच्या बाबतीत पोराचं मन वळेपर्यंत थांबायला बुवा तयार होते, फक्त पावाच्या बाबतीत नाही. हा पोरगा, हेमन लिंकन वेलँड, पुढे स्वतः पाद्री आणि संपादक झाला, आणि थोरल्या भावाबरोबर त्याने १८६७ साली बापाचं दोन खंडांत चरित्र लिहिलं. पोट भरल्याशिवाय दोन खंड होत नाहीत, तेव्हा नंतर जेवत असावा.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आमचा पंधरा महिन्यांचा हट्टी नातू पायरीवर बसलेला. समोर ही, वाटीत वरणभात. "हा चिऊचा... हा काऊचा..." चिऊचा घास त्याने माझ्या बुटात टाकला. काऊचा हिच्या चष्म्यावर. हिने चष्मा पुसला आणि विमान काढलं. मग आगगाडी. मग मला रस्त्यावर कुत्रा दाखवायला पिटाळलं, आणि कुत्रा बघताना पोराचं तोंड उघडं राहिलं त्या क्षणी आत घास. मी हिला बुवांची हकिकत सांगितली. ही म्हणाली, "आणि बुवांची बायको काय करत होती?" हे काही कुठे सापडलं नव्हतं. खोकी पुष्कळ बाकी होती, पण माझा पेन्सिलीचा वेग बघता व्हिसा पुरला नसता.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एका गोष्टीशी अडखळलो. बुवांनी १८५३ साली अडोनिराम जडसन यांचं चरित्र लिहिलं. हे ब्राउनचेच विद्यार्थी, ब्रह्मदेशात गेलेले पहिले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी. आणि या जडसननी कर्तव्य म्हणून आपली घरच्यांना लिहिलेली सुरुवातीची पत्रं आणि खासगी कागद नष्ट करायला लावले होते. बुवांना प्रस्तावनेतच ते कबूल करावं लागलं. दोन खंड लिहायचे आणि ट्रंक रिकामी! मला बुवांची इतकी दया आली की मी पेन्सिल खाली ठेवली.

जडसन १८१२ साली जहाजात चढले तेव्हा बॅप्टिस्ट नव्हते. वाटेत पुस्तकं वाचता वाचता मत फिरलं आणि कलकत्त्याला बुडी घेतली. त्याच मोहिमेतले त्यांचे सोबती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. ते आमच्या नगरला आलं १८३१ साली. म्हणजे इकडे प्रॉव्हिडन्सला पावावरून रण पेटलं होतं, त्याच वर्षी. पुढे नगरला ज्या फरारबाईंकडे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे धडे गिरवायला गेल्या, त्या याच मिशनच्या. मी त्या शांत खोलीत जोरात "आमचं नगर!" असं म्हणालो. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी पेन्सिली थांबवून माझ्याकडे पाहिलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत माझी ४० पानं झाली. पिवळ्या रेघांच्या वहीत, पाठपोट, पेन्सिलीने, मराठीत. एक कोरी बाजू वाया घालवणं बँकेच्या माणसाला जमत नाही. यावर लेख लिहायचा, छापील अंक माळ्यावरच्या पाचव्या ट्रंकेत ठेवायचा, असं ठरवून मी पानं डायनिंग टेबलावर ठेवली आणि दूध आणायला वेलँड स्क्वेअरला गेलो.

परत आलो तर घरभर तळणाचा वास. इथे पेपर येत नाही, ही हिची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. टेबलावर पिवळे कागद पसरलेले, त्यांवर शंकरपाळे निथळत होते.

"अहो, शेवटची काही पानं ठेवलीत बाजूला," ही म्हणाली. "ती बाळाकडे आहेत."

मी एक कागद अलगद उचलला आणि खिडकीशी धरला. तेलाने तो आरपार दिसत होता. पुढच्या बाजूचं पाठीमागून, पाठीमागचं पुढून, ओळींवर ओळी, चटईसारख्या. डोळे बारीक करून बराच वेळ पाहिल्यावर मला एकच शब्द लागला.

'बटर'.

"तूप आहे त्यात," ही म्हणाली. "मोहनाला. घ्या की एखादा."